भिकनने दारू सोडली

२० डिसेंबर १९८२, सोमवार

आज मी नवऱ्याच्या तोंडाचा वास घेतला. लग्नाला सहा वर्षं झाली, ही पाळी येईल असं स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं.

झालं असं की तिसरीच्या गणिताच्या वह्या तपासत बसले होते. भिकन कारखान्यातून आला, तिथून परस्पर सरावाला जाऊन आला होता. म्हणाला, तू बस, चहा मीच गाळतो. आणि गाळला तो कपाच्या शेजारी! अख्खा चहा माझ्या वह्यांवर. वर हसतो, "कप सरकला." कप सरकला म्हणे! मी ओरडले तर म्हणाला, "चिडू नको गं शिंधू."

शिंधू. सिंधूची शिंधू करणारा हा 'श' मी ओळखते. मनमाडला दादा, म्हणजे माझे वडील, रेल्वेच्या शेडमधून यायचे तेव्हा आईला असंच जीभ जड करून हाक मारायचे. ती हाक गल्लीच्या तोंडाशी आली की आम्ही तिघी बहिणी पलंगाखाली शिरायचो. दादा त्यातच गेले, आणि आईचं आयुष्य त्यातच गेलं.

कॉलर नीट करायच्या निमित्ताने जवळ गेले. लवंगेचा वास आला. "लवंग कशाला हो?" म्हटलं. "वजन उतरवायचंय. पाणी कमी प्यायचं, तोंड कोरडं पडतं. यादव सर म्हणाले, चघळ." दादा बडीशेप चघळायचे.

छे, काहीतरीच माझ्या मनात येतं. हा भिकन गांगुर्डे, बॉक्सिंगमध्ये साडेत्रेसष्ट किलोत लागोपाठ दोन वर्षं राज्याचा चॅम्पियन. बघायला आला होता तेव्हा मी सगळ्यांदेखत एकच प्रश्न विचारला होता, "पिता का?" लाजून म्हणाला होता, "लेमन पितो." त्या एका उत्तरावर मी होकार दिला. (डायरीत मी नावाने लिहिते. तोंडाने 'अहो'च म्हणते, नाहीतर सासूबाई फेफरं येऊन पडतील.)

२३ डिसेंबर, गुरुवार

सकाळी नळावर बादली उचलायला गेला आणि सरळ चालता येईना. पाय फाकवून, भिंतीला हात लावून चालला. बादलीसकट शेजारच्या लताबाईंच्या दारात बसला. त्या म्हणाल्या, "काय चॅम्पियन, सकाळी सकाळी पंक्चर?" सगळ्या बायका हसल्या. मीही हसले, काय करणार! घरात येऊन दार लावलं.

सकाळी आठ वाजता? दादासुद्धा सकाळी आठला घेत नसत.

२६ डिसेंबर, रविवार

आज सोक्षमोक्ष लावला.

दुपारी डोक्याला टॉवेल घट्ट आवळून, खिडक्या लावून पडला होता. हा सातवा-आठवा दिवस असेल. दादाही असाच ओला टॉवेल बांधून पडायचे. मी खिडकी धाडकन उघडली.

"उठा. कुठे पिता?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "मी? दारू?"

"नाही, उसाचा रस! माझ्याशी नाटक करायचं नाही. मी बापाच्या घरी हे सगळं शिकून आलेय."

"आईशपथ सांगतो सिंधू, थेंब नाही घेतला."

त्याचा चेहरा इतका खरा वाटला की माझा राग एकदम ओसरला आणि त्याच्या जागी भीती आली. मी त्याच्याजवळ बसले. म्हटलं, "मग हे काय आहे? डोकं दुखतंय, पाय वाकडे पडतायत, जीभ वळत नाही. दारू नाही तर आजार आहे. उद्या मी रजा टाकते, मोठ्या दवाखान्यात जाऊ. डोक्याचा फोटो काढू. तुमचं ते बॉक्सिंगचं तपासणी कार्डही घ्या बरोबर, डॉक्टरला दाखवू."

तो बराच वेळ चादरीची दशी ओढत बसला. मग भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "प्यालो."

"काय?"

"दारू. पितो मी. महिना झाला."

मी विचारलं, काय पिता? म्हणाला, "ती... पांढरी." कशातून? "कपातून." कोणाबरोबर? "एकटाच." मी कपाळावर हात मारला. अहो, दारू कोणी कपातून पितं का! खोटं बोलायचंही धड येत नाही. एवढं खरं कबूल केलं आणि बारीकसारीक मात्र लपवतोय. सगळे पिणारे असेच.

मग मी जे बोलले ते लिहायची लाज वाटते. ताट फेकलं. त्याने ते उचलून मोरीत ठेवलं.

एक गोष्ट इथे खरी लिहून ठेवते. तो "प्यालो" म्हणाला तेव्हा आधी मला हायसं वाटलं होतं. आजार असता तर काय केलं असतं मी? दारूशी कसं भांडायचं ते मला माहीत आहे.

२ जानेवारी १९८३, रविवार

विहारात शपथ झाली. मीच सावळीराम काकांच्या कानावर घातलं होतं. ते आमच्या विहाराचे अध्यक्ष, वस्तीतल्या बारा-पंधरा जणांची दारू त्यांनी सोडवली आहे. पद्धत अशी की वंदना झाल्यावर माणसाने सगळ्यांपुढे उभं राहून पंचशील म्हणायचं आणि पाचवं शील, मद्यपानाचं, तीनदा म्हणायचं.

वस्तीला धक्काच बसला. चॅम्पियन पितो? बायका तोंडाला पदर लावून बघत होत्या. भिकन ब्लेझर घालून उभा राहिला, खिशावर राज्य संघटनेचं चिन्ह असलेला. चार शीलं म्हटली. पाचव्याला अडला. लहानपणापासून रोज म्हटलेले शब्द, आणि आठवेनात! काका पुढचा शब्द सांगायचे, तो चाचपडत म्हणायचा. तिन्ही वेळा सांगावं लागलं. "शरमेनं वाचा बसली बिचाऱ्याची," काका मला म्हणाले. "ज्याला शरम आहे तो सुधारतो."

सासूबाई, म्हणजे आक्काबाई, गावाहून आल्या होत्या. घरी आल्यावर मला चुलीपाशी गाठून म्हणाल्या, "माझं पोरगं पीत नाय. मला नाय खरं वाटत."

"ते स्वतः म्हणाले ना, आई!"

"म्हणाला असंल. पन मी त्याची माय हाय. त्याच्या डोळ्यात दारू नाय, भ्या हाय."

आईची माया, दुसरं काय! माझी आजीही दादांविषयी असंच बोलायची.

११ जानेवारी, मंगळवार

नऊ दिवस. फक्त नऊ दिवस टिकली शपथ!

बस स्टँडवरून घरी आला तो एका पायात चप्पल. डावी कुठे पडली, त्याला पत्ताच नाही. पायाला खडी रुतून रक्त आलेलं, तेही कळलं नव्हतं. मी विचारलं तर खाली बघून म्हणाला, "अरेच्या."

विहारात, बुद्धमूर्तीसमोर, सगळ्यांसमोर! मला वाटलं होतं काहीही झालं तरी हा तिथे खोटं बोलणार नाही.

आता बोलणारच नाही याच्याशी.

१८ जानेवारी, मंगळवार

शाळेत शिपाई सांगत आला, "बाई, कारखान्यातून फोन होता, साहेब चक्कर येऊन पडले." वर्ग तसाच सोडला. कारखान्याच्या दवाखान्यात भिकन खाटेवर बसलेला. डॉक्टर तरुण होते, भले वाटले. त्यांनी त्याला डोळे मिटून सरळ रेषेत चालायला लावलं, त्याला जमलं नाही. बोट नाकाला लावायला सांगितलं, ते गालाला लागलं. डॉक्टरांनी बॅटरीने डोळ्यांत बघितलं आणि कागद पुढे ओढला. "डोक्याची तपासणी करायला हवी. बॉक्सिंग करता ना? कधी मार बसला होता का मोठा?"

"नाही," भिकन म्हणाला. फार पटकन म्हणाला.

डॉक्टर माझ्याकडे वळले. भिकनही वळला. त्याने अशा नजरेने बघितलं की मला वाटलं, बाई, आता हा म्हणतोय की झाक माझं. मी दादांचं पुष्कळ झाकलेलं आहे. शेडमधल्या साहेबाला तापाच्या चिठ्ठ्या मीच लिहून द्यायचे, सुंदर अक्षरात. शेवटी त्या झाकण्यानेच दादा गेले. आता झाकायचं नाही, असं ठरवून मी म्हटलं, "डॉक्टर, सांगायला लाज वाटते. हे पितात. शपथ घेऊनही पितात."

डॉक्टरांचा चेहराच बदलला. "असं होय!" म्हणाले. लिहीत होते तो कागद फाडला, दुसऱ्यावर ताकदीच्या गोळ्या लिहून दिल्या आणि भिकनला दहा मिनिटं फैलावर घेतलं. खेळाडू असून लाज वाटत नाही का, वगैरे. भिकन मान खाली घालून ऐकत होता. बाहेर पडल्यावर माझा हात धरून म्हणाला, "बरं केलंस."

बरं केलंस! मला चिडेल असं वाटलं होतं. हा माणूस मला कळेनासा झालाय. पण सत्य सांगितल्याचं समाधान आहे.

२५ जानेवारी, मंगळवार

बोलले नाही.

३० जानेवारी, रविवार

यादव सर घरी आले होते. पलटणीतून सुभेदार म्हणून निवृत्त, भिकनला चौदाव्या वर्षापासून शिकवणारे. बिस्किटं घेऊन आले. मी म्हटलं, "सर, तुम्ही तरी लक्ष ठेवा. सरावाला येऊन पितात की काय?" सर भिकनकडे बघायला लागले, भिकन सरांकडे. मग सर म्हणाले, "बेटी, एक हफ्ता. पुण्याची फायनल झाली की मी याला ग्लोव्हज बंद करायला लावतो. तिसऱ्यांदा लागोपाठ विजेतेपद कोणी घेतलं नाही. एक हफ्ता त्याला काही बोलू नकोस."

म्हटलं, मी बोलतच नाहीये, तुम्ही काळजी करू नका. चहा न घेताच गेले.

६ फेब्रुवारी, रविवार (पुण्याहून येताना बसमध्ये लिहितेय, अक्षर वाकडं येईल)

मी गेले होते. सहा वर्षांत एकदाही लढत बघितली नव्हती. आज गेले ती बघायला नाही, पकडायला. म्हटलं, चोवीस तास बरोबर राहते, बघू कुठून पितो.

एक थेंब नाही. सकाळी वजनाला गेला, परत आला, दोन संत्री खाल्ली, झोपला. मी खोलीच्या दारातच खुर्ची टाकून बसले होते. तरी उठला तेव्हा "शिंधू" म्हणालाच! मी त्याची पिशवी उपसली, बूट झटकले, पाण्याच्या बाटलीत बोट घालून चाखलं. नुसता ग्लुकोज. माझं डोकंच चालेना.

दोरांच्या आत गेला आणि तो कोणी दुसराच माणूस झाला. पाय बरोबर पडत होते. कोल्हापूरचा पोरगा होता समोर, लांब हातांचा. त्याचे दोन ठोसे भिकनच्या कानशिलावर बसले आणि तो आवाज मला ऐकू आला. मी ओरडले, काय ओरडले ते माहीत नाही. मग मिनिटभरात भिकनचा डावा हात कुठून तरी आला आणि पोरगा खाली बसला. पंचांनी दहा मोजले. तिसऱ्यांदा चॅम्पियन!

सगळे उभे राहिले. आणि भिकन वळला आणि दुसऱ्याच्या कोपऱ्यात जाऊन बसला. कोल्हापूरवाल्यांच्या स्टुलावर. तिथल्या माणसाने हसून त्याला हाकललं, तर तो पंचांच्या मागे मागे चालायला लागला. लोक हसायला लागले. यादव सरांनी आत उडी मारून त्याला मिठी मारली तेव्हा सर रडत होते. लोकांना वाटलं, आनंदाने.

मी तिथेच पायऱ्यांवर बसले. सकाळपासून मी बघतेय. थेंब नाही. मग हे काय आहे? मग हे काय आहे?

आता माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपलाय. संगमनेर गेलं.

९ फेब्रुवारी, बुधवार

सोमवारी सकाळी उठेचना. डोळे उघडे, पण हाक ऐकत नव्हता. उजवा हात हलत नव्हता. नाशिकच्या डॉक्टरांनी बघताच पुन्हा पुण्याला न्यायला सांगितलं. काल कवटीला दोन भोकं पाडून रक्त काढलं.

सर्जन बाहेर आले. म्हणाले, "हे परवाचं रक्त नाही. काळं पडलंय. दोन महिने हळूहळू साचत होतं. डोकेदुखी, तोल जाणं, जीभ जड होणं, काहीच दिसलं नाही का घरात?"

दिसलं. सगळं दिसलं. डायरीत तारखेवार लिहून ठेवलंय मी.

"कोणा डॉक्टरला दाखवलं नव्हतं?"



११ फेब्रुवारी, शुक्रवार

यादव सर दवाखान्याच्या व्हरांड्यात माझ्या पायाशी बसले. मी उठा म्हणत होते, उठेनात.

१२ डिसेंबरला सरावात पलटणीतल्या एका जड गड्याशी खेळताना भिकन पडला होता. बराच वेळ शुद्ध नव्हती. डोक्याच्या माराने माणूस बाद झाला की कार्डावर तसं लिहायचं असतं आणि अठ्ठावीस दिवस ग्लोव्हजला हात लावायचा नसतो, मग परत डॉक्टर तपासतो. सरावातलं कोणी लिहीत नाही म्हणे. भिकनने सरांचे पाय धरले. दोन वर्षांपूर्वीही एकदा तसं लिहिलं गेलं होतं, दुसऱ्यांदा लिहिलं तर कार्डच काढून घेतील. आणि सरांनाही तो तिसरा कप हवाच होता, हे सर स्वतःच्या तोंडाने म्हणाले.

"आणि दारू?" मी विचारलं.

"बेटी, त्याने आजवर बिअरचा वास घेतला नाही. तू डोक्याचा फोटो काढायचं म्हणालीस ना, तेव्हा घाबरला. मला येऊन सांगितलं, सर, दारू म्हणून सांगितलं तर बायको शिव्या घालेल, पण दवाखान्यात नेणार नाही. ती मनमाडची आहे, दारूला ती डॉक्टर नाही आणत, ती स्वतःच पुरी पडते."

मी त्या माणसाला काय ओळखत होते? आणि तो मला किती ओळखत होता!

शिवी द्यावीशी वाटली सरांना. पण डॉक्टरांचा लिहिलेला कागद मी फाडायला लावला, सरांनी नाही.

२० मार्च, रविवार

घरी आणलं. चालतो, काठी लागते. हात सुधारतोय. ओळखतो सगळ्यांना. फक्त मधले तीन-चार महिने गेलेत. पुण्याची लढत आठवत नाही, कप कोणाचा म्हणून विचारतो. तो जड गडी आठवत नाही. यादव सरांना "बरेच दिवसांनी आलात" म्हणाला. सर अंगणात जाऊन रडले.

मी त्याला सगळं सांगायचं ठरवलंय. माफी मागायची आहे. डॉक्टर म्हणाले, हळूहळू सांगा.

२७ मार्च, रविवार

आज धीर करून बसले त्याच्याजवळ. "अहो, मला तुमची माफी मागायची आहे."

तो म्हणाला, "तू कशाला? मीच मागतो. फार त्रास दिला तुला."

"कसला?"

"दारूचा. सिंधू, मी सोडली बरं का आता. पक्की सोडली."

मी म्हटलं, तुम्ही कधी प्यालाच नाहीत! तो हसला, माझी समजूत घालावी तसा. गेलेल्या महिन्यांतलं एवढंच उरलंय, त्याला विहार आठवतो. ब्लेझर घालून उभा होता, सगळे बघत होते, ते आठवतं. मी ताट फेकलं ते आठवतं. कारखान्याचे डॉक्टर रागावले ते तर शब्द न शब्द आठवतं. "तूच सांगितलंस ना त्यांना, की मी पितो? तू कधी खोटं बोलत नाहीस."

मी यादव सरांना बोलावलं. त्यांनी सगळं पुन्हा सांगितलं. तो शांतपणे ऐकून म्हणाला, "सर, तुम्ही मला कायम पाठीशी घातलंत."

१४ एप्रिल, गुरुवार

बाबासाहेबांची जयंती. आजचं आजच लिहिते.

मंडपात तिसऱ्या विजेतेपदाबद्दल भिकनचा सत्कार होता. शाल घातली. सावळीराम काका म्हणाले, तरुणांना दोन शब्द सांगा. तो काठी टेकत माइकपाशी गेला. मला वाटलं, बॉक्सिंगवर बोलेल.

म्हणाला, "पोरांनो, माझ्याकडे बघा. तीनदा चॅम्पियन झालो आणि दारूने माझं हे करून ठेवलं. हात गेला, आठवण गेली. बायको होती म्हणून वाचलो. दारूच्या वाटेला जाऊ नका."

अशा टाळ्या कोणाला पडल्या नसतील. बायका डोळे पुसत होत्या.

मी उभी राहिले. आक्काबाईंनी माझा हात घट्ट धरला होता, त्याच म्हणाल्या, "बोल." मी ओरडूनच बोलले. "हे खोटं आहे! यांनी जन्मात दारूला हात लावला नाही. यांच्या डोक्यात रक्त साचलं होतं. मी दारू समजले. डॉक्टर तपासत होते त्यांना मीच थांबवलं. दोष माझा आहे, यांचा नाही!"

मग सावळीराम काका माझ्यापर्यंत चालत आले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि वळून सगळ्यांना म्हणाले, "पाहा. नवऱ्याची अब्रू राखायला या बाईने दोष स्वतःच्या डोक्यावर घेतला. अशी बायको हवी." आणि परत टाळ्या.

मी "अहो नाही, ऐका" म्हणत होते. कोणी ऐकेना. लताबाईंनी तर मला मिठीच मारली.

माइकवरून भिकनचा आवाज आला, अगदी मायेने. "बस सिंधू. पंचशील घेतलेली माणसं आपण. माझ्यासाठी खोटं बोलू नको."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी खाली बसले.